संस्थेचे एक सदस्य रोज शाळेत येऊन कारभार बघतात. मुख्याध्यापिकेनं काय करावं?

पेठेतल्या_बाई

नमस्कार. पुण्यात मध्यवस्तीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. पाचवी ते दहावी, एकेका इयत्तेच्या दोन तुकड्या. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी सेवाज्येष्ठतेनं हे पद आलं. शाळेचं नाव लिहीत नाही. कोणी अंदाजही बांधू नयेत ही विनंती, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची बदनामी मला करायची नाही.

आमच्या नियामक मंडळावर एक ज्येष्ठ सदस्य आहेत, शाळा समितीवरही आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जुन्या अकरावीच्या वेळचे आमचेच माजी विद्यार्थी. पिंपरीच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. प्रयोगशाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा पहिली देणगी त्यांनी दिली. शाळेवर त्यांचा जीव आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण ते रोज येतात. पावणेअकराला त्यांची स्कूटर फाटकातून आत आली की स्टाफरूममधलं बोलणं थांबतं. माझ्याकडे न येता ते थेट फेरीला निघतात. शिपाईमामांना बाकं हलवायला सांगतात, मामा हातातलं काम टाकून बाकं हलवतात, आणि मग मी सांगितलेलं काम का झालं नाही हे विचारायची मलाच चोरी. शिक्षकांना ते व्हरांड्यात थांबवून टाचण, म्हणजे तासाची लेखी तयारी, मागतात. मागच्या महिन्यात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिकाम्या टेबलाचा फोटो टाकला, खाली ओळ: '९ वी ब, ११.२०, वर्गावर शिक्षक नाही.' ते सर मतदार यादीच्या कामाला गेले होते, तसा आदेश माझ्या फायलीत होता. बदली तासाच्या बाई जिना चढून पोचेपर्यंतची ती चार मिनिटं होती. मी ग्रुपवर खुलासा टाकला, पण लोकांच्या लक्षात फोटोच राहिला.

खरं दुखलं ते आठवीच्या वर्गात. तिथे आमच्याकडे नव्यानं लागलेल्या शिक्षणसेवक, म्हणजे अजून मानधनावर असलेल्या, बाई बीजगणित शिकवतात. अवयव पाडायचे होते. फळ्यावर क्ष वर्ग अधिक ७ क्ष अधिक १२. बाईंनी ७ क्ष चे ३ क्ष आणि ४ क्ष असे भाग करून मांडणी सुरू केली होती. अण्णा मागच्या बाकावर बसले होते. ते उठले, 'एवढं लांबण कशाला' म्हणाले, डस्टर घेऊन अर्धा फळा पुसला आणि थेट दोन कंस लिहून मोकळे झाले. उत्तर बरोबर. बाईंचंही बरोबरच येत होतं. तास संपेपर्यंत त्या खडू हातात धरून खिडकीशी उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिनं दोन्ही रीती शेजारी शेजारी उतरवून घेतल्या होत्या, मधे पट्टीनं रेघ मारून. म्हणाली, 'बाई, परीक्षेत कुणाचं लिहायचं?'

त्यानंतरच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत अण्णांनी खिशातून एक कागद काढला. चौदा मुद्दे. पाण्याच्या टाकीपासून दहावीच्या जादा तासांपर्यंत. आगाऊ काही कळवलेलं नव्हतं. निम्म्या मुद्द्यांवर माझ्याकडे त्या क्षणी आकडे नव्हते. अध्यक्ष एवढंच म्हणाले, 'बाई, पुढच्या वेळी तयारीनं या.' मी मान हलवली आणि घरी येऊन जेवले नाही.

अजून चार वर्षं नोकरी आहे. सहकारी सांगतात, शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं हे सुचत नाही. वयानं, मानानं मोठ्या माणसाला अपमान न करता 'इथपर्यंतच' हे कसं सांगायचं? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_हेडसर_कोथरूड

बाई, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ नका, निदान इतक्यात नको. एकदा पत्र बाहेर गेलं की अण्णा बाजूला राहतात आणि तुम्ही विरुद्ध संस्था असा मामला होतो. मी नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. माझ्या वेळी असेच एक सदस्य होते. भर सभेत त्यांनी माझ्यावर खोटा हिशेब दाखवल्याचा ठपका ठेवला. मी पावत्यांची फाईल सोबत नेली होती. एकेक पावती वाचून दाखवली, सगळे माझ्या बाजूनं झाले, त्यांना खाली मान घालावी लागली. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं होतं. पुढची तीन वर्षं ग्रंथालयाच्या कपाटांचा साधा ठराव मंजूर झाला नाही. दर वेळी काहीतरी त्रुटी निघायची. ती फाईल सभेत न वाचता आदल्या दिवशी त्यांच्या घरी नेऊन दाखवली असती, तर मुलांना तीन वर्षं आधी कपाटं मिळाली असती. हे मला आजही लागतं.

तुमच्या प्रकरणात पहिलं पाऊल अध्यक्षांकडे. सदस्याला आवरणं हे अध्यक्षांचं काम आहे, तुमचं नाही. त्यांनी नेमलेल्या माणसानं त्यांच्यातल्याच एकाला शिस्त लावायची, हे कुठल्याच संस्थेत जमत नाही. पण अध्यक्षांकडे तक्रार घेऊन गेलात तर ते 'बघू' म्हणतील. निर्णय मागायला जा. एका कागदावर दोनच प्रश्न लिहून न्या. शाळेतल्या कर्मचाऱ्याला सूचना कोणी द्यायची? तास चालू असताना वर्गात कोणी जायचं आणि कोणाला कळवून? त्यांचं उत्तर काहीही असो, ते पुढच्या सभेच्या इतिवृत्तात यायला हवं.

दुसरं असं की तुमच्या हातात जे आहे ते तुम्ही वापरत नाही आहात. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली काढून बसा. शाळा समितीची रचना त्यात दिली आहे. व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, आळीपाळीनं एक कायम शिक्षक, आणि पदसिद्ध सचिव मुख्याध्यापक. सचिव तुम्ही आहात! सभेची सूचना, कार्यसूची, इतिवृत्त हे तुमच्या टेबलावरून निघतं. पंधरा दिवस आधी सगळ्या सदस्यांना दोन ओळी पाठवा की आपले विषय अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावेत. आठवडाभर आधी कार्यसूची पाठवा, प्रत्येक विषयाखाली तुमची चार ओळींची टिप्पणी. आयत्या वेळी आलेला विषय जरूर ऐकून घ्या, इतिवृत्तात लिहा आणि निर्णय पुढच्या सभेवर ठेवावा अशी विनंती करा. सरसकट सगळ्यांसाठी हीच पद्धत ठेवलीत तर ती अण्णांविरुद्ध आहे असं कोणी म्हणू शकणार नाही.

पुण्याला ही भांडणं नवी नाहीत. न्यू इंग्लिश स्कूल निघालं १८८० साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली, आणि १८९० साली टिळक तिथून राजीनामा देऊन बाहेर पडले. आजीव सदस्यांनी, म्हणजे संस्थेलाच वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, बाहेरची कामं घ्यावीत का, मिळकतीचं काय करावं, यावरून ते वाद विकोपाला गेले होते. एका ध्येयानं एकत्र आलेली, स्वार्थ बाजूला ठेवलेली ती माणसं होती. जीव लावणारी माणसंच जास्त भांडतात, बाई. तुमच्या अण्णांचा जीव आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिथून सुरुवात करा.

सहचिटणीस_ताई

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहे. एका संस्थेच्या कार्यकारी मंडळावर अकरा वर्षं काम करते. सरांचं सगळं मान्य, पण बाई, तुम्हाला एक विचारू का? रागावू नका. तो चौदा मुद्द्यांचा कागद तुम्ही परत वाचलात का?

वाचा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा की हा त्यांनी पूर्वी कधी, कुणाला विचारला होता आणि त्यांना काय उत्तर मिळालं. मला अनुभव आहे म्हणून सांगते. सदस्य आयत्या वेळी कागद काढतो तेव्हा बहुतेक वेळा आधी दोनदा तोंडी विचारून झालेलं असतं. शाळेत विचारलं की 'हो, बघतो' असं उत्तर येतं. ते शाळेच्या दृष्टीनं उत्तर असतं, आमच्या दृष्टीनं ती टोलवाटोलवी असते. मंडळावरच्या माणसाला शाळेची बातमी कळते कुठून? मंडईत भेटलेल्या पालकाकडून, नाहीतर सोसायटीतल्या आजोबांकडून. 'तुमच्या शाळेत म्हणे असं झालं' असं कोणी तोंडावर म्हटलं आणि आपल्याला पत्ताच नसला की फार अपमान वाटतो. मग माणूस स्वतः जाऊन बघायला लागतो.

आमच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी यावर एक साधी गोष्ट केली. दर महिन्याच्या पाच तारखेला एक पानी पत्र, सगळ्या सदस्यांना एकाच दिवशी, एकच मजकूर. कोण शिक्षक रजेवर, कोण सरकारी कामाला, किती मुलं सलग गैरहजर, कुठला खर्च अडलाय. वाईट बातमी सगळ्यात वर. सहामाहीत नववीची बरीच मुलं गणितात नापास झाली तर ते पालकांच्या आधी आम्हाला त्यांच्याकडून कळतं. त्या पत्रानंतर आमच्या सभा निम्म्या वेळात संपायला लागल्या. आणि एका सदस्यानं काही विचारलं तर त्या उत्तर सगळ्यांना पाठवतात. कोणी जास्त जवळचा नाही, कोणी लांबचा नाही.

अण्णांना काम द्या. मनापासून सांगते, मान म्हणून नव्हे, खरं काम. आयुष्यभर कारखान्यात उत्पादन सांभाळलेल्या माणसाला टाकी, वायरिंग, बाकं, जिन्याचे कठडे यातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. इमारतीची पाहणी त्यांच्याकडे लेखी सोपवा, दिवस ठरवा. वर्ग मात्र त्यात नाही, हेही त्याच पत्रात लिहा.

आणि त्या शिक्षणसेवक बाईंना एकटं वाटू देऊ नका. आज त्यांच्या मागे कोण उभं राहतं हे सगळा स्टाफ बघतोय.

मूळची_सदाशिवातली

मी पुण्यात शिकले, आता बरीच वर्षं अमेरिकेत सरकारी शाळेत शिकवते. तिथली रचना वेगळी आहे, पण दुखणं तेच म्हणून लिहिते. तिथे गावागावांचे शालेय जिल्हे असतात. त्यांचं मंडळ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं, आणि ते मंडळ सुपरिटेंडेंट नेमतं. म्हणजे सगळ्या शाळांचा कारभार बघणारा अधिकारी. निवडून आलेला सदस्य 'मला लोकांनी पाठवलंय' म्हणून थेट शाळेत शिरतो आणि सुपरिटेंडेंटची झोप उडते, हे तिथेही चालतं.

तिथल्या सदस्यांना सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवतात. अधिकार सभेत बसलेल्या मंडळाला असतो, एकट्या सदस्याला नाही. सभा उठली की तो इतर नागरिकांसारखा. आणि पालकानं सदस्याकडे तक्रार केली तर सदस्यानं ती सोडवायची नसते. 'आधी वर्गशिक्षकांना भेटलात का, मग मुख्याध्यापकांना?' असं विचारून त्याला योग्य दारात परत पाठवायचं असतं. माझ्या ओळखीच्या एका सुपरिटेंडेंट बाई नव्या सदस्याला पहिल्याच आठवड्यात चहाला बोलावतात आणि विचारतात, 'या मंडळावर येण्याची मेहनत तुम्ही कशासाठी घेतलीत?' उत्तर वहीत लिहून ठेवतात. पुढे तो माणूस कितीही आडवा गेला तरी त्या त्याच उत्तराशी परत येतात.

अण्णांना हा प्रश्न कोणी विचारलाय का?

लिपिक_तेवीस_वर्षे

वरचं सगळं वाचलं. पटलं, पण एक बजावून सांगतो. सगळेच सदस्य अण्णांसारखे नसतात. अण्णांना शाळेचं भलं हवंय. मी ज्या शाळेत होतो तिथे एका सदस्याला प्रवेशाच्या बदल्यात देणगी हवी होती, आणि ती पावतीशिवाय. आमच्या मॅडमनी नकार दिला. मग मागच्या तारखेची सही मागितली गेली, तीही दिली नाही. त्यांना निलंबनाची धमकी मिळाली.

अशा वेळी चहा, मासिक पत्र, समजूत यातलं काही उपयोगाचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही आणि घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. नोकरीवर गदा आली, बडतर्फ केलं, पद उतरवलं, तर १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. हे तीस दिवस लोक 'बघू, मिटेल' म्हणत घालवतात.

आमच्या मॅडम एक करायच्या. फोनवर काही सांगितलं गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र: 'काल आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार... याबाबत लेखी आदेश मिळावा.' जावक क्रमांक टाकून, पोच घेऊन. ती पत्रं मी टाईप केली आहेत. बऱ्याच सूचना त्या पत्रानंतर परत आल्याच नाहीत.

बाईंना आणखी एक. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी तुमच्याकडे शाळा व्यवस्थापन समिती असेलच, वरच्या शाळा समितीहून वेगळी, तीन चतुर्थांश पालकांची. अनुदानित शाळेत २०१२ च्या दुरुस्तीपासून तिचं काम सल्ल्यापुरतं आहे, तरी ती नियमित भरवा. पालक समोर बसून बोलले की मंडईतल्या गप्पा कमी होतात.

पेठेतल्या_बाई

सहा आठवड्यांनी परत लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

ताई, तुमचं वाचून आधी राग आला होता, खरं सांगते. मग रात्री कागद काढला आणि एकेका मुद्द्यापुढे लिहीत गेले. चौदापैकी नऊ मुद्दे अण्णांनी पूर्वी विचारले होते. पाण्याच्या टाकीचं तीनदा. तीनही वेळा मी 'सांगते मामांना' म्हटलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी व्हरांड्यातच उभी होते. म्हटलं, 'अण्णा, चला, टाकी बघू.' गच्चीचा लोखंडी जिना ते माझ्या आधी चढले. टाकीचं झाकण एका बाजूनं तडकलेलं होतं आणि फटीत कबुतराची पिसं अडकली होती. आत पाण्यावर एक पीस तरंगत होतं. आमची मुलं ते पाणी पितात. मला तिथे उभं राहवेना. अण्णा काही बोलले नाहीत, खिशातून टेप काढून झाकणाचं माप घेतलं. त्याच दिवशी टाकी उपसली. नवं झाकण त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून करून आणलं, बिल शाळेच्या नावानं रीतसर घेतलं.

गच्चीवरच मी त्यांना विचारलं, मंडळावर का आलात. ते म्हणाले, त्यांच्या वर्गातले निम्मे मित्र याच शाळेमुळे नोकरीला लागले, आणि आता दर वर्षी पट कमी होताना बघवत नाही. 'मी असेपर्यंत ही शाळा बंद पडू नये, बाई.' मला उत्तर देता आलं नाही. माझीही रात्रीची भीती तीच आहे.

मग जिना उतरायच्या आधी फळ्याचं बोलले. शब्द आधी वहीत लिहून पाठ केले होते. 'अण्णा, टाकी तुम्ही म्हणालात तशीच निघाली, चूक माझी होती. पण तास चालू असताना फळा त्या बाईंचा. तुम्हाला काही खटकलं तर मला सांगा, कितीही कडक शब्दांत सांगा, वर्गात नको.' आणि त्या मुलीची वही सांगितली, मधली रेघ सांगितली. ते बराच वेळ समोरच्या वाड्याच्या कौलांकडे बघत राहिले. 'मला वाटलं मुलांना सोपं होईल,' म्हणाले.

अध्यक्षांकडे दोन प्रश्न घेऊन गेले होते. पहिल्याचं उत्तर लगेच मिळालं: कर्मचाऱ्यांना सूचना मुख्याध्यापकांमार्फतच. दुसऱ्यावर त्यांनी वेळ मागितला, आणि नंतर स्वतःच अण्णांशी बोलले. इमारतीच्या पाहणीचं पत्र अण्णांना दिलं. गुरुवारी येतात, पाहणीच्या वहीत लिहितात, मी शुक्रवारी त्याखाली काय केलं ते लिहून सही करते. मासिक पत्राचं पहिलं पान गेलं. त्यात पटाचा आकडा सगळ्यात वर लिहिला, आणि पाचवीच्या प्रवेशासाठी वस्तीत फिरायला कोण येईल असं विचारलं. तिघांनी नावं दिली, अण्णांचं पहिलं.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. मागच्या सोमवारी ग्रुपवर पुन्हा एक फोटो आला, मैदानातल्या कचऱ्याचा. मी खुलासा टाकला नाही, पाहणीच्या वहीत नोंद केली आणि मामांना घेऊन कचरा उचलून घेतला. शनिवारी सभा आहे. कार्यसूची आठवडाभर आधी गेली, अण्णांचे तीन विषय लेखी आले, स्वच्छ अक्षरात.

एक उरलंय. त्या शिक्षणसेवक बाईंशी अण्णा अजून बोललेले नाहीत. समोर आले की दोघंही बाजूला होतात. हा विषय सभेत न्यायचा नाही हे माझं पक्कं आहे. तो माझ्या खोलीत, तिघांनी बसून बोलायचा आहे. बाईंना 'मोठे आहेत, सोडून द्या' असं मला सांगायचं नाही, आणि अण्णांना कोंडीतही पकडायचं नाही. असं बोलणं कोणी घडवून आणलं असेल, तर पहिलं वाक्य कोण बोललं आणि काय, ते कृपया लिहा.